तुम्ही विचारलंत म्हणून: भुरी, वही आणि रंग

नातेवाईक विचारतात, ऑफिसातले विचारतात, एखादं चित्र पाहून नव्याने ओळख झालेले तर पहिल्यांदा हेच विचारतात: "नोकरी सांभाळून लिहिता, चित्रं काढता, वर कुत्री पाळलीय. एवढा वेळ काढता कुठून?" ओळख थोडी वाढली की प्रश्नाचा राहिलेला भाग येतो: "भुरी नसती तर केवढं काम झालं असतं तुमच्या हातून!"

या दुसऱ्या बोलण्याला आधी उत्तर देते. भुरी यायच्या आधीही मी लिहीत होते, चित्रं काढत होते. तेव्हा वेळ जास्त होता आणि हातून व्हायचं मात्र कमी. सुट्टीचा अख्खा दिवस समोर असला की सकाळ आवराआवरीत जायची, दुपार "आता बसू, मग बसू" करण्यात, आणि संध्याकाळी दिवे लागले की त्या उजेडात रंग खरे दिसत नाहीत म्हणून पेटी उघडायची राहून जायची.

भुरी आली आणि दिवसाला कडा आल्या. तिला पहाटे बाहेर जायचं असतं, संध्याकाळी पुन्हा. जेवणाची वेळ टळली की ती समोर येऊन बसते आणि नुसती बघत राहते. या ठरलेल्या गोष्टींच्या मधे उरतो तो वेळ मोजका असतो, आणि मोजका आहे हे माहीत असल्यामुळे मी तो वाया घालवत नाही. सकाळी फिरून आल्यावर ती पाणी पिते, अंथरुणावर दोन गिरक्या घेते आणि अंग टाकते. मोठी झालेली कुत्री जवळपास निम्मा दिवस झोपून काढतात. ती झोपली की मी वही उघडते. ऑफिसच्या तयारीला लागेपर्यंतचा तो तुकडा लिखाणाचा. त्यात कधी पानभर होतं, कधी चार ओळी. संध्याकाळचं फिरणं झाल्यावरचा वेळ रेखाटनाचा, आणि रंगवायचं ते सुट्टीच्या दिवशी, उजेडात. तर वेळ कुठून काढते याचं उत्तर एवढंच. मी काढत नाही, भुरी आखून देते.

पण वेळेचं उत्तर दिलं तरी माझं समाधान होत नाही, कारण तिच्यामुळे मिळालेली खरी गोष्ट वेगळी आहे. लिहायला आणि चित्र काढायला, दोन्हीला आधी थांबून बघावं लागतं. ते बघणं मला भुरीने लावलं.

तिच्याबरोबर चालायला निघालं की निम्मा वेळ थांबण्यात जातो. एखाद्या खांबापाशी ती आधी वरवर हुंगते, पुढे जाते, मग मागे फिरते आणि नाक अगदी जमिनीलगत नेऊन एकाच जागी छोटे छोटे श्वास घेत राहते. कुत्र्याच्या नाकपुडीला कडेने एक फट असते. आत घेतलेला श्वास त्या फटीतून बाजूला सोडला जातो, त्यामुळे सोडलेल्या हवेने समोरचा वास विस्कटत नाही. वास ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या जातीप्रमाणे कमीजास्त, पण कोटींच्या घरात. म्हणजे ज्याला आपण रिकामा खांब म्हणतो तिथे तिला कोण येऊन गेलं, किती वेळापूर्वी गेलं, ओळखीचं होतं की नवीन, हे सगळं कळत असतं. अशा वेळी दोरी ओढून तिला पुढे नेणं मला जमत नाही. वाचणाऱ्याच्या हातातलं पुस्तक मी काढून घेणार नाही, तसंच हे.

मग मीही उभी राहते, आणि उभी राहिले की बघते. त्या खांबाशेजारच्या भिंतीचा गिलावा एका ठिकाणी सुटलाय. तिथे रंगाचे थर दिसतात: वर फिका पिवळा, त्याखाली जुना निळा, आणि सगळ्यांत आत विटेचा लाल. निळा फक्त बोटभर रुंदीचा आहे, कडेला कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ. पाऊस पडून गेला की तोच निळा गडद होतो आणि पिवळा मात्र आहे तसाच राहतो. त्या रस्त्याने मी रोज जात होते. निळा थर दिसला तो भुरी तिथे थांबायला लागल्यावर. मग त्या भिंतीमागे पूर्वी कोण राहत असेल, निळा कोणाला आवडत असेल, तो झाकून पिवळा द्यावा असं कोणाला वाटलं असेल, असं मनात सुरू झालं आणि त्यातून एक कथा झाली. त्याच निळ्याची मी दोन चित्रंही केली.

फिरताना एका हातात दोरी असते, म्हणून लिहून घेता येत नाही. वाक्य डोक्यातच धरून घरापर्यंत आणावं लागतं. याचा लिखाणाला केवढा फायदा झालाय! नुसतं नटवलेलं वाक्य पुढच्या वळणापर्यंतही टिकत नाही. ज्यात काही सांगण्यासारखं असतं ते घरी पोचेपर्यंत आपोआप दोनचारदा मनात म्हटलं जातं आणि कागदावर उतरताना बरंच नीट झालेलं असतं.

चित्रांच्या बाबतीत भुरीने माझं माध्यमच ठरवून टाकलं. तैलरंगांची मला ओढ होती, पण त्यासोबत तो रंग पातळ करायचं टर्पेंटाइन येतं. त्याची वाफ आणि ते चाटलं जाणं, दोन्ही कुत्र्याला घातक. म्हणून जलरंग. त्यातही पथ्यं आहेत. कॅडमियम आणि कोबाल्ट या धातूंपासून केलेले रंग पोटात जाता कामा नयेत, आणि ब्रश धुतलेलं पाणी कुत्र्याला हमखास प्यावंसं वाटतं, त्यामुळे पाण्याचं भांडं जड बुडाचं आणि झाकणाचं. काही जलरंगांत डिंकाबरोबर मधही घातलेला असतो, तेव्हा पेटी उघडी टाकून उठायचं नाही, फोन वाजला तरी. मी टेबलाशी उभं राहून रंगवते. जमिनीवर कागद पसरून काम करणाऱ्यांचा मोकळेपणा मला फार आवडतो, पण आमच्या घरात जमीन भुरीची आहे.

केसांचंही विचारतात लोक. पडतात. वॉश, म्हणजे कागदावर पसरलेला पातळ पाणीदार रंग, अगदी ओला असेल तर ब्रशच्या टोकावर केस अलगद उचलता येतो आणि खूण बहुतेक बुजते. अर्धवट वाळला असेल तर हात लावायचा नाही. पूर्ण वाळल्यावर झटकायचा. केसाच्या कडेने रंग साचून एक बारीक गडद रेघ राहते. माझ्या पुष्कळ आकाशांत अशा रेघा आहेत आणि मी त्या तशाच ठेवल्यात. ज्या घरात ते चित्र झालं त्या घराची ती खूण आहे.

आता भुरीचंच चित्र काढण्याविषयी, कारण यावर मी कितीही बोलू शकते. सुरुवातीला सगळ्यांची अडचण होते ती मागच्या पायाशी. कुत्र्याचा गुडघा उलट्या दिशेने वाकतो असं वाटतं. मागे टोक काढून दिसतो तो सांधा गुडघा नसतोच, ती टाच असते. कुत्री बोटांवर चालतात, टाच जमिनीपासून वर उचललेली असते, आणि खरा गुडघा पोटाच्या कातडीजवळ वर असतो, आपल्यासारखाच पुढे वाकणारा. पुढच्या पायात जे वाकताना दिसतं ते मनगट. एकदा हे कळलं की पाय कागदावर उभा राहतो. खांद्याचं तर फारच सुंदर आहे. आपल्या खांद्याला गळपट्टीच्या हाडाचा आधार असतो. कुत्र्यात ते हाड जवळजवळ नाहीसं झालंय आणि पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले आहेत. म्हणून भुरी चालताना तिच्या खांद्याची हाडं पाठीच्या दोन बाजूंना आळीपाळीने वर येतात, सरकतात. ती सरकण्याची रेघ मला अजून हवी तशी पकडता आलेली नाही, आणि संध्याकाळी पुन्हा वही घेऊन बसायला तेवढं कारण पुरेसं असतं.

इटलीचा चित्रकार लिओनार्दो दा विंची याने १४९० च्या दशकात कुत्र्याच्या पंजाची रेखाटनं केली. कागदाच्या दोन्ही बाजूंना नुसता पंजा, वेगवेगळ्या कोनांतून, तेही चांदीच्या टोकदार काडीने, जिची रेघ खोडता येत नाही. ही रेखाटनं आता स्कॉटलंडमध्ये एडिनबरोला आहेत. ज्या माणसाला सगळं जग बघायचं होतं त्याने एका पंजाला एवढा वेळ द्यावा, याने मला फार बळ येतं. आणि १९९० च्या दशकात डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराने आपल्या दोन डॅशहुंडांची, म्हणजे आखूड पायांच्या कुत्र्यांची, चित्रं केली तेव्हा घरात कागद तयार मांडून ठेवले होते, ईझल, म्हणजे चित्र टेकवायच्या घोड्या, कमी उंचीवर लावल्या होत्या, कारण कुत्री पोज देत नाहीत. जमेल त्या क्षणी सुरू करावं लागतं. मीही वही आणि पेन्सिल प्रत्येक खोलीत ठेवते. भुरी जागी असताना अर्धा मिनिट मिळतं. तेवढ्यात पाठीचा कणा आणि मानेचा कल, बस्स. झोपलेली असेल तर जास्त. पण झोपेतही तिचे पंजे हलतात, ओठ थरथरतात, आणि आधी काढलेली रेघ खोटी ठरते. मग त्याच रेघेवर दुसरी.

तिचा रंग मी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी मिसळून करते. निळा वाढवला की थंड राखी, तपकिरी वाढवला की उबदार भुरा, आणि खरखरीत कागदावर अल्ट्रामरीनचे कण खळग्यांत बसले की केसांचा पोत आपसूक येतो. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड, शक्यतो कापसाचा. हलका कागद ओल्या वॉशला वाकतो आणि मग मन चित्रातून उडून कागदाशी भांडत बसतं.

रंगांचं आणखी एक. कुत्र्यांना काळं-पांढरंच दिसतं असं आपण ऐकत आलो. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवलं की त्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात, माणसात तीन. त्यांना निळा आणि पिवळा कळतो. लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळून मळकट होतात. हे वाचल्यावर आधी भुरीचा लाल चेंडू बदलून निळा आणला, कारण हिरव्या गवतात लाल चेंडू तिला रंगावरून कसा सापडणार? मग वाटलं, आपला रोजचा रस्ता तिच्या रंगांत काढून बघावा. पेटीतले लाल आणि हिरवे बाजूला ठेवले. निळा, पिवळा आणि त्यांच्यामधले करडे, एवढ्यातच झाडं, भिंत, रस्ता. झाडं गवतासकट पिवळट करडी झाली, विटांचा लाल विझला, आणि तो बोटभर निळा थर चित्रात सगळ्यांत आधी डोळ्यांत भरला. अशी चित्रं मी अजून करते. माझ्या सगळ्या कामात मला ती सर्वांत जवळची आहेत.

चित्रं विकत का नाही, असंही विचारतात. विकायची म्हटली की मागणीचा विचार येतो, आणि मला भिंतीचा निळा काढायचा असतो. कोणाला मनापासून आवडलं तर देऊन टाकते. "या वयात कुठे शिकणार?" असं कोणी म्हटलं तर रवींद्रनाथांचं सांगते. हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांच्या रेघा जोडता जोडता त्यांच्या हातून आकार झाले आणि त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन पॅरिसला भरलं ते १९३० साली, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर.

सगळेच दिवस असे भरलेले नसतात. ऑफिसचं काम घरी आलं की चित्र राहतं, भुरीचं पोट बिघडलं की लिखाणही राहतं आणि रात्र तिच्याशेजारी जमिनीवर जाते. फिरणं तेवढं कधी राहत नाही. आणि फिरणं टिकलं की दोनतीन दिवसांत बाकीचं परत मार्गाला लागतं, असा माझा अनुभव आहे.

हे सगळं ऐकून हल्ली काही जण उत्साहाने म्हणतात, "मग आम्हीही कुत्रा आणतो, म्हणजे आमचंही लिखाण सुरू होईल." कृपा करून यासाठी आणू नका. कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं, कधी त्याहून जास्त, आणि तुमचं लिहायचं वेड उतरलं तरी त्याला पहाटे बाहेर जायचंच असतं. आधी महिनाभर एकट्याने करून बघा: सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी बाहेर पडायचं, फोन घरी ठेवून, पाऊस असला तरी, थकवा असला तरी, आणि रस्त्यात पाच-सहा ठिकाणी विनाकारण थांबायचं. ते जमलं, आवडलं, घरातल्या सगळ्यांची तयारी असली, तर या आमच्याकडे. कुत्र्याविषयी तेव्हा बोलू, भुरीही असेल.