बेडकाशिवाय फिजिऑलॉजी शिकवताना : माझा अनुभव

माझ्या पिढीचे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी फिजिऑलॉजी, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं याचं शास्त्र, बेडकावर शिकले. कायमोग्राफ या हालचालीचा आलेख काढणाऱ्या यंत्राचा फिरता ड्रम, त्यावर काजळी धरलेला कागद, बेडकाच्या हृदयात अडकवलेली बारीक आकडी आणि कागद फिरू लागला की उमटत जाणारी पांढरी लाट. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने 1847 च्या सुमारास बनवलेलं हे यंत्र आमच्या लॅबपर्यंत टिकलं, कारण बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढलं तरी रिंगर द्रावणात (शरीरातल्या द्रवासारख्या क्षारांच्या पाण्यात) बराच वेळ चालू राहतं. त्याच गुणामुळे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला 1921 मध्ये दाखवता आलं, की मज्जातंतू हृदयाला रसायनातून निरोप देतात.

मी सोलापुरात शिकवू लागल्यानंतर हे सगळं बदललं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2011 मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि 2014 मध्ये ते पूर्ण थांबवलं. मला तो निर्णय पटला होता. एक आलेख काढायला दरवर्षी इतके बेडूक मारणं मला आजही समर्थनीय वाटत नाही. पण त्याच्या जागी आलेले तक्ते आणि सॉफ्टवेअर मला पुरेसे वाटेनात. संगणकावरचं हृदय प्रत्येक मुलाला तेच उत्तर देतं. जिवंत हृदय तसं देत नाही, आणि फिजिऑलॉजी तर या फरकातच आहे.

माझं संशोधन माशांच्या श्वसनावर, म्हणजे पाणी तापलं की ऑक्सिजनचा वापर कसा बदलतो यावर. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याच्या विंकलर पद्धतीने बाटलीमागून बाटली टायट्रेट करायची, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून मोजायची. तपकिरी साका आम्लात विरघळतो, स्टार्च घातल्यावर निळा रंग येतो आणि थायोसल्फेटच्या एका थेंबाने तो नाहीसा होतो. समुद्रसपाटीला 20 अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसातच. मासा मात्र तापलेल्या पाण्यात जास्त ऑक्सिजन मागतो. चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या आमच्या उन्हाळ्यात तळ्यातल्या जिवांची ही ओढाताण दरवर्षी होते. वर्गात हीच गोष्ट कुठल्याही जिवाला न मारता दाखवायची होती.

डाफ्निया, म्हणजे गोड्या पाण्यातला पिसवेएवढा बारीक जीव, हाताशी होता. तळ्याच्या पाण्यात बारीक जाळी फिरवली की मिळतो, अंग काचेसारखं पारदर्शक, पाठीकडे धडधडणारं हृदय साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतं. अवघड भाग तो जगवण्याचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने तो मरतो, म्हणून पाणी उघड्यावर ठेवून मुरवावं लागतं. खायला हिरवं शेवाळी पाणी किंवा किंचित यीस्ट, तेही जपून, नाहीतर पाणी नासतं. फेब्रुवारीनंतर लॅब तापायची आणि टबातले डाफ्निया तळाशी मरून पडायचे. आमच्या लॅब असिस्टंट मामांनी ओल्या वाळूवर जुना रांजण ठेवला आणि त्यात डाफ्निया सोडले. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे रांजण चांगला पाझरतो आणि आतलं पाणी गार राहतं. वीज लागत नाही, खर्च नाही. या युक्तीचं श्रेय पूर्णपणे मामांचं.

मोजणीसाठी कापसाचे दोन-चार तंतू काचपट्टीवर ठेवायचे, म्हणजे डाफ्निया त्यात अडकून स्थिर राहतो. ठोके तोंडाने मोजता येत नाहीत इतके भराभर पडतात. मुलं ठोक्यासरशी कागदावर पेनने ठिपका देत जातात आणि पंधरा सेकंदांनी ठिपके मोजतात. काही जण मोबाईल आयपीसला लावून स्लो मोशनमध्ये चित्रण करतात, ते अधिक अचूक. थंड, मग कोमट पाणी. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो, पण प्रत्येकाचा आकडा वेगळा. तो का वेगळा, हे फळ्यावर सगळ्यांचे आकडे लिहून शोधायचं. माझ्या मते प्रॅक्टिकलचा खरा तास इथे सुरू होतो.

पहिल्यांदा हृदय दिसलं तेव्हा अक्कलकोटहून एसटीने येणारी एक मुलगी ओरडलीच, “ओ मॅडम, ह्याचं काळीज दिसतंय की!” मग तिने विचारलं, उन्हाळ्यातले डाफ्निया लालसर का? मला याहून चांगला प्रश्न सुचला नसता. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की डाफ्निया स्वतःच्या शरीरातल्या द्रवात जास्त हिमोग्लोबिन तयार करतो, त्यामुळे तो गुलाबी-लाल दिसतो. आम्ही त्याच दिवशी त्या पाण्याची बाटली विंकलरला लावली. वर्गातल्या डाफ्नियाचा रंग आणि माझ्या संशोधनातलं टायट्रेशन पहिल्यांदा एका टेबलावर आलं.

आता परीक्षेतही हेच प्रॅक्टिकल असतं. बाहेरून आलेले परीक्षक मुलाच्या प्रयोगवहीतला आकडा आणि समोरचा आकडा जुळतो का ते आधी पाहतात. तो सहसा जुळत नाही, आणि का जुळत नाही हे सांगणाऱ्या मुलाला ते चांगले गुण देतात. काम संपलं की डाफ्निया परत रांजणात जातात.