हाकेला न येणारा टायगर

टायगर हा गोव्यातल्या फोंड्याच्या एका घरातला दहा महिन्यांचा लॅब्रेडॉर. हाक मारली की धावत यायचा, पण दोन हातांवर थबकायचा आणि पट्टा धरायला गेलं की गुरगुरायचा. "मुद्दाम करतो हो, हट्टी आहे," असं घरचे म्हणत होते. आधीच्या ट्रेनरने सकाळचं जेवण बंद करायला लावलं होतं, म्हणे भूक लागली की शिकेल. हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. उपाशी कुत्रा खाऊवर झडप घालतो, त्याची नजर मुठीवरून हलत नाही. शब्द ऐकणार कधी?

आधी त्याचा दिवस कसा जातो ते विचारून घेतलं. बांधायची जागा गेटजवळ. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, मग स्कूटर, शाळेची बस, कुरिअरवाला. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यालासुद्धा दिवसाला १२ ते १४ तास झोप लागते, याला सलग तासभरही मिळत नव्हती. शिकवणी मे महिन्यात, दुपारी चारला, तापलेल्या लाद्यांवर. "बस" म्हटलं की अर्धवट टेकून उठायचा. चटके बसत होते. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि आपल्या दमट हवेत ते नीट होत नाही. पाण्याचं भांडं हलकं, रोज लवंडलेलं.

खरं कारण मात्र त्याने डोकं झटकलं तेव्हा दिसलं. डावा कान उलटा पडून तसाच राहिला: आतून लालभडक, तपकिरी चिकट मळ, आंबूस वास. घरचे त्यात खोबरेल घालत होते. तेलाने मळ आणखी चिकटतो आणि ओल आत कोंडते. डॉक्टरांनी मळ मायक्रोस्कोपखाली पाहिला तर यीस्ट, म्हणजे एक बुरशी, होतं. कानाचा पडदा शाबूत आहे ना हे बघूनच थेंब दिले. पट्टा धरणारा हात दर वेळी नेमका त्या कानाला घासत होता. हाकेला आलं की दुखतं, हे कुत्रा दोन-चार वेळांतच शिकतो. त्याला हट्टी म्हणणं हा अन्याय आहे.

मग जागा मागच्या खोलीत हलवली. जड भांडं, दोन वेळचं जेवण. सकाळी सहाला तीन मीटरच्या दोरीवर अर्धा तास, त्याला हवं तिथे हुंगू देत. कान बरा होईपर्यंत गळ्यात पट्टा नाही, छातीभोवती बांधायचा हार्नेस. शिकवणी त्यानंतर, सावलीत, तीन-तीन मिनिटांची. खाऊ वाटाण्याएवढा, दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत.

"बस" लगेच जमलं. हाक मात्र नव्या शब्दाने शिकवावी लागली, जुना शब्द नासला होता. तो आला की खाऊ द्यायचा, हात लावायचा नाही. मग हनुवटीखाली बोट, खाऊ. मग उजवीकडून पट्ट्याला स्पर्श, खाऊ. तोंड फिरवलं की एक पायरी मागे. उजव्या बाजूने आता तो निर्धास्त आहे. डावीकडून हात गेला की अजून ओठ चाटतो, नजर चुकवतो, कान बरा असूनही. ते पुरतं जाईल का, हे मला अजून सांगता येत नाही.