चालू आहे का?

पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये गाणं सुरू व्हायच्या आधी चार सेकंद आहेत. खुर्ची सरकते, अ‍ॅम्प गुणगुणत असतो. कोणीतरी विचारतं, "चालू आहे का?" दुसरं कोणीतरी म्हणतं, "कधीचंच." मग काठीवर काठी चार वेळा वाजते आणि चौथा ठोका पडायच्या जरा आधीच गिटार घुसते.

हा माझ्या भाच्याचा बँड. तो ड्रम्स वाजवतो, म्हणून प्रॅक्टिस माझ्याकडे. गिटार कुठेही वाजवता येते, ड्रम्सला मामा लागतो. मागची खोली त्यांना दिली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. ट्रेंनी आवाज अडत नाही, ही गोष्ट प्रत्येक नव्या बँडला शेजाऱ्यांकडूनच कळते. आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत नाहीतर भरीव दार. पुठ्ठ्याचा ट्रे फार तर खोलीतला झणझणाट थोडा कमी करतो. पण ट्रे लावले की खोली स्टुडिओसारखी दिसते, आणि अठराव्या वर्षी तेवढं पुरतं.

पहिली सगळी गाणी फोनवर रेकॉर्ड झाली. फोनची समजूत अशी की समोर कोणीतरी माणूस बोलतोय. मोठा आवाज आला की तो आपणहून पातळी खाली ओढतो, शांत झालं की वर नेतो. त्यामुळे स्नेअर ड्रमवर फटका बसला की अख्खा बँड दचकून मागे सरकतो. आणि दुसऱ्या कडव्यात, जिथे गाणारी मुलगी जवळजवळ कुजबुजते, तिथे पंखा पुढे येतो. काय पुढे येतो! बँडमध्ये माणसं चार, पण रेकॉर्डिंगवर पाचवा वादक पंखाच, आणि लयीला सगळ्यांत पक्का तोच.

बेसवाल्याची कथा मात्र करुण. बेस गिटारची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर, म्हणजे फार खालच्या स्वरात वाजते. फोनच्या इवल्याशा स्पीकरला तो आवाज झेपतच नाही. त्याच्या आईने सगळी गाणी कौतुकाने ऐकली आणि शेवटी विचारलं, "छान झालंय रे, पण तू कधी वाजवणार आहेस?"

त्यांचे चेहरे पडलेले बघून मी त्यांना अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनची गोष्ट सांगितली. १९७९ साली टिअ‍ॅक कंपनीचं पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र आलं. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक घेता यायचे, तेही घरी बसून. १९८२च्या जानेवारीत स्प्रिंगस्टीनने तसलं यंत्र घेऊन घरातल्या एका खोलीत, एकट्यानेच गाऊन-वाजवून, गाणी रेकॉर्ड केली. हेतू एवढाच की बँडला चाली कळाव्यात. ती कॅसेट तो बिनडबीची खिशात घालून हिंडायचा. मग स्टुडिओत सगळा बँड जमला, सगळं रीतसर वाजवून झालं, पण त्या कॅसेटची सर येईना. शेवटी खिशातली कॅसेटच 'नेब्रास्का' हा अल्बम म्हणून त्याच वर्षी बाजारात आली.

गोष्ट चांगली रंगली होती. भाचा म्हणाला, "मामा, तू मला हे का सांगतोयस? त्यात ड्रम्सच नाहीत."

खरंच नाहीत. गप्प बसलो.

यथावकाश त्यांनी स्टुडिओ गाठला. तिथली पद्धत मला नवीन होती. आधी ड्रम्स, कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक, लावून. त्यावर दुसऱ्या दिवशी बेस, मग गिटार, आणि गाणं सगळ्यांत शेवटी, काचेपलीकडे एकटीने. बीटल्सच्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ला एकाच दिवसात उरकली होती, लेननला सर्दी झालेली असताना, हे मी यावेळी सांगितलं नाही. एकदा पोळलो होतो. पण क्लिकमुळे एक गंमत गेली. फोनवरच्या टेकमध्ये धृपद जवळ आलं की चौघेही नकळत धावायला लागतात. आधी भाचा पळतो, मग गिटार त्याला गाठते, आणि बेसवाला, जो ऐकूच येत नाही, तो बहुधा मागून "अरे थांबा" म्हणत असणार. नव्या टेकमध्ये कोणी पळत नाही. पळणार कोणाबरोबर? त्या गाण्यात चौघे एका वेळी एका खोलीत नव्हतेच.

मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, मात्र चौघेही हजर होते, एका लॅपटॉपभोवती, प्रत्येकाचं बोट आपापल्या फेडरवर, आवाज कमीजास्त करायच्या पट्टीवर. "मी जरा दबतोय" हे वाक्य त्या रात्री मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी सगळं खाली घेऊन पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली.

गाणं बाहेर आलं. बेस ऐकू येतो, त्याची आई खूश आहे. गाणारीने मला विचारलं, "मामा, खरं सांगा, कसं वाटलं?" मी म्हटलं, "भारी." भारी आहेच. पण सुरू केलं की थेट गिटारच. खुर्ची नाही, गुणगुण नाही, "चालू आहे का?" नाही.

आता सांगूनच टाकतो. ते "कधीचंच" माझं आहे. त्या दिवशी फोन ठेवायला स्टँड नव्हता, तेव्हा त्यांनी मला उभं केलं होतं, "तुम्ही फक्त धरा, मामा" म्हणून. पाच मिनिटं हात न हलवता धरला होता. माझी एकूण सांगीतिक कारकीर्द तेवढी, एका शब्दाची.

परवा भाच्याला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "सुरुवात जरा अंगावर येते, नाही?"

तो म्हणाला, "यायलाच पाहिजे. पाच सेकंदांत पकडलं नाही तर लोक पुढच्या गाण्यावर जातात, मामा."

पाच. म्हणजे माझे चार काढूनही एक उरत होता. पण हे मी त्याला बोललो नाही.