तुम्ही विचारलंत म्हणून: रोज पेनकिलर घेतली तर अल्झायमर टळतो का?

माझं नागपुरात सक्करदऱ्याकडे मेडिकल आहे आणि गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन न्यायला आलेले काकाजी हल्ली हळूच विचारतात, "भाऊ, हे रोज घेतलं तर म्हणे अल्झायमर होत नाही, खरं हाय का?" मागे लाईन लागलेली असते म्हणून मी नुसतं "नका घेऊ" म्हणून मोकळा होतो, तर आता जरा सावकाश सांगतो.

ही गोष्ट कोणी हवेत उडवलेली नाहीये. संधिवातवाले वर्षानुवर्षं आयबुप्रोफेनसारख्या सूज उतरवायच्या गोळ्या खातात आणि त्यांच्यात अल्झायमर कमी दिसतो, हे 1990 च्या सुमारासच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. मग 2001 मध्ये हॉलंडमधला रॉटरडॅमचा अभ्यास छापून आला, 55 च्या वरचे जवळपास 7000 लोक, सात-एक वर्षं नजर ठेवलेली, आणि ज्यांनी दोन वर्षं किंवा जास्त ह्या गोळ्या घेतल्या त्यांच्यात अल्झायमरचा धोका 80 टक्के कमी! कारणही पटण्यासारखं होतं, मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी साफसफाई करतात, पण त्या कायम चवताळलेल्या राहिल्या तर चांगल्या पेशींचंच नुकसान करतात, म्हणजे सूज दाबा आणि मेंदू वाचवा.

पण नुसतं पाहणं वेगळं न् गोळी देऊन तपासणं वेगळं. अमेरिकेत अडॅप्ट नावाची ट्रायल झाली, 70 च्या वरचे, घरात कोणाला तरी हा आजार असलेले अडीच हजार लोक, कोणाला नॅप्रोक्सेन, कोणाला सेलेकॉक्सिब (ह्याही सूज उतरवायच्याच गोळ्या), कोणाला औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. डिसेंबर 2004 मध्ये हार्टच्या भीतीने गोळ्या बंद कराव्या लागल्या (त्याच वर्षी ह्याच जातीचं रोफेकॉक्सिब हार्टच्याच कारणाने बाजारातून उठलं होतं, आपल्याकडेही बंद झालं) आणि फायदा काही दिसला नाही. कॅनडात परत नॅप्रोक्सेन दोन वर्षं देऊन पाहिलं, 2019 ला निकाल आला, तोच. अ‍ॅस्पिरिन तर 19 हजार म्हाताऱ्या माणसांवर तपासलं, डिमेन्शिया (म्हणजे आठवण-समज जाण्याचे आजार, अल्झायमर त्यातलाच) कमी झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

मग रॉटरडॅमवाले खोटं बोलले का? तसं नाही. काही जण म्हणतात आजार मेंदूत 15-20 वर्षं आधीच सुरू होतो, सत्तरीत गोळी देऊन काय होणार, आणि हे अजून पूर्ण खोडलं गेलेलं नाही. मला दुसरं कारण जास्त पटतं. ज्याची आठवण जायला लागते तो दुखतंय हे सांगणंच कमी करतो, डॉक्टरकडे जात नाही, मग त्याच्या नावावर गोळ्याही कमी लागतात. जे काकाजी स्वतः चालत येऊन गोळीचं नाव, पॉवर सांगून मागच्या वेळचे सुटे पैसेही मागतात त्यांचं डोकं आधीच शाबूत आहे ना बाप्पा, गोळीचं त्यात काय! पार्किन्सनसाठीही (हातपाय थरथरण्याचा आजार) आयबुप्रोफेनचं नाव येतं, तेही असंच लोकांवर नजर ठेवून काढलेलं आहे, म्हणून तिथेही माझी हीच शंका.

आणि किडनीचं काय? शरीरात पाणी कमी झालं की किडनी आपल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवून कसंतरी निभावते, ह्या जातीची पेनकिलर नेमकं तेच बंद पाडते. आता मे महिना धरा, पारा 45 वर, काकाजी पाणी कमी पितात, त्यात बीपीची गोळी, त्यातही लघवी वाढवणारी असली तर विचारूच नका, आणि वरून ही रोजची. पोटातल्या अल्सरचं तर वेगळंच, काळी शौच झाली तर माझ्याकडे नाही, सरळ दवाखान्यात जा. दुखतंय म्हणून डॉक्टरांनी चार दिवस लिहून दिली तर जरूर घ्या, त्याला माझी ना नाही.

डोक्यासाठीच काही करायचं असेल तर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल धरून ठेवा आणि कान तपासा. लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकाच्या 2024 च्या कमिशनने 14 गोष्टी मोजल्यात, त्या सगळ्या सांभाळल्या तर सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल असा त्यांचा हिशोब आहे आणि कमी ऐकू येणं त्यातली मोठी गोष्ट आहे. पण कानाच्या मशीनचं नाव काढलं की हेच काकाजी म्हणतात, "मी काय बहिरा हाय का?", आणि तेही इतक्या मोठ्याने की समोरच्या पानठेल्यावरचे लोक वळून पाहतात.