साउथवेलची भिंत आणि माझ्या पिवळ्या पडलेल्या नोट्स

लंडनच्या चार दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पाऊस, रांगा, सुजलेले पाय. लिहायचंय ते नॉटिंगहॅमजवळच्या साउथवेल गावातल्या जुन्या वर्कहाउसबद्दल, म्हणजे मदत हवी असलेल्या गरिबांना आणून ठेवायच्या जागेबद्दल, आणि तिथे यायला घरातलं कोणीच राजी नव्हतं. लेक नॉटिंगहॅमला असते. "बाबा, इथे रॉबिन हूडचं जंगल आहे, ते सोडून गरिबांना कोंडायची जागा काय बघायची?" असं तिचं म्हणणं. शेवटी आम्ही दोघंच निघालो. बस चुकली, पुढची तासाने. त्या तासात हिने माझ्या इतिहासप्रेमाबद्दल जे काही सुनावलं ते इथे देत नाही. गावाचं नाव साउथवेल म्हणायचं की 'सदल', यावर गावातल्या लोकांचंच एकमत नाही, एवढं मात्र त्या तासात कळलं.

माझं कारण साधं होतं. तालुक्याच्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षं मी बी.ए.च्या पोरांना इंग्लंडचा इतिहास शिकवला. त्यात 1834 चा दारिद्र्य कायदा पाच गुणांचा. माझ्या नोट्समध्ये वाक्य होतं: 'या कायद्याने दानधर्मातील बेशिस्त संपून गरिबांना शिस्तबद्ध मदत मिळू लागली.' पोरांनी ते पाठ केलं, मी त्यावर गुण दिले. हे वाक्य मुळात आलं कुठून, याचा विचार मी कधी केला नाही. आधीच्या सरांच्या नोट्समधून आलं असणार, आणि त्यांच्याकडे त्यांच्या सरांकडून.

साउथवेलचं वर्कहाउस लांबून एखाद्या जमीनदाराच्या हवेलीसारखं दिसतं. लाल विटा, तीन मजले, शिस्तीत उभ्या खिडक्या. 1824 साली ते बांधून घेतलं जॉन बेचर नावाच्या पाद्र्याने. हा गृहस्थ कवी बायरनचा स्नेही. बायरनची आई याच गावात राहायची. पोरसवदा बायरनने 1806 मध्ये कवितांचं पहिलं पुस्तक छापलं, त्यातल्या एका कवितेला बेचरने नाक मुरडलं आणि बायरनने प्रती जाळून टाकल्या. गरिबीवरही बेचरचा उपाय तसाच जालीम. मदत हवी असेल तर घर सोडून इथे या. आत आलात की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. म्हातारे वेगळे, धडधाकट वेगळे. या गटांची गाठ पडू नये म्हणून जिनेसुद्धा वेगवेगळे काढलेत.

हे सगळं मला माहीत होतं. पण हिचा गुडघा दुखायला लागला म्हणून ही एका आवारात बाकावर बसली आणि मी फिरत फिरत भिंतीपलीकडच्या आवारात गेलो. फरसबंदी, चारी बाजूंनी माझ्या डोक्याच्या वर गेलेली विटांची भिंत, बाकी काही नाही. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "अहो, पाण्याची बाटली तुमच्याच पिशवीत राहिलीय!" शब्द न् शब्द ऐकू आला. मी बाटली हातात धरून उभा. ती पाच पावलांवर असेल, पण द्यायची कशी? मान वर केली तर मास्तरच्या, म्हणजे वर्कहाउसच्या प्रमुखाच्या, खोलीच्या खिडक्या. त्याला आवारात कोण काय करतंय ते दिसायचं, आवारातल्या माणसांना मात्र एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. बाटली घेऊन मी सगळा वळसा घालून परत आलो. "एवढा वेळ कुठे होतात?" म्हणाली. मला चटकन काही बोलता आलं नाही.

बेचरने 1828 मध्ये आपल्या योजनेवर पुस्तिका काढली, तिचं नाव 'द अँटिपॉपर सिस्टिम'. नावातच पाहा, विरोध गरिबीला नाही, गरिबाला आहे. साउथवेलमध्ये मदत आखडून गरिबांसाठीचा कर खाली आणण्याचं काम करणारा दुसरा माणूस जॉर्ज निकोल्स. दारिद्र्य कायद्यावरच्या 1832 च्या चौकशी आयोगाने आपल्या अहवालात या अनुभवाचा आधार घेतला, 1834 चा कायदा झाला, आणि तो राबवायला नेमलेल्या तिघा कमिशनरांतला एक हाच निकोल्स. साक्षीदारच न्यायाधीश झाला म्हणायचं. पुरावा काय, तर गरिबांसाठीचा कर कमी झाला. अरे, नवरा-बायकोला भिंतीआड टाकायची धमकी दिलीत तर मदत मागायला येणार कोण? त्या आकड्यातून भीती सिद्ध होते, गरिबी हटली हे नाही. टॉनी नावाच्या इतिहासकाराने त्या अहवालाला 'तेजस्वी, प्रभावी आणि भलताच अनैतिहासिक' म्हटलंय. मी मात्र त्याच अहवालाचा सूर अठ्ठावीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो.

बाहेर पडताना एक आजोबा आपल्या नातवाला सांगत होते की काही म्हणा, त्या काळी लोकांना निदान पोटभर मिळायचं. माझं डोकंच फिरलं. हॅम्पशायरमधल्या अँडोव्हरच्या वर्कहाउसात 1845 मध्ये उघड झालं की खतासाठी हाडं कुटायच्या कामावरची माणसं भुकेपोटी त्याच हाडांतला मगज चोखत होती. संसदेची चौकशी बसली, 1847 मध्ये निकोल्स वगैरे तिघांचं ते कमिशन गुंडाळावं लागलं. हे सगळं त्या आजोबांना ऐकवायला मी एक पाऊल पुढे टाकलं, पण हिने दंड धरला. बरंच झालं. ते माझंच वाक्य बोलत होते, जरा सोपं करून.

आणि हे विचार आपल्याकडे पोचले नाहीत असं थोडंच आहे? 1877 च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दुष्काळी कामांवरच्या मजुरांसाठी ठरवलेली रोजी म्हणजे एक पौंड धान्य आणि एक आणा. मदत इतकी कमी ठेवायची की अगदी नाइलाज झाल्याशिवाय कोणी येणार नाही. दख्खनच्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी त्यावर काम टाकलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेत अर्ज केले, गावोगावच्या हकिगती गोळा करून छापल्या. त्या हकिगती मी शिकवल्या होत्या, वेगळ्या पेपरात. दोन्ही पेपरांचे धागे कधी जोडले नाहीत.

वरच्या मजल्यावर एक खोली 1970 च्या दशकातली ठेवलीय. तोवर बेघर आया आणि मुलं इथे राहत. हे मला ठाऊक नव्हतं. त्या खोलीत मी फार वेळ थांबलो नाही.

परतीच्या बसमध्ये हिला सांगितलं की 1847 च्या कायद्याने साठीपुढच्या जोडप्यांना वेगळं राहायची सक्ती उठवली. आम्ही दोघंही साठीपुढचे, म्हणजे सुटलो असतो, निदान कागदावर.

"आणि पन्नाशीतल्यांचं काय?" तिने विचारलं. मग थोड्या वेळाने, "त्या बायकांनी स्वतः काही लिहून ठेवलंय का?"

म्हटलं, साउथवेलचा पत्रव्यवहार लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, 'एमएच 12' या मालिकेत. बहुतेक पत्रं अधिकाऱ्यांची, पण त्या मालिकेत अधूनमधून गरिबांनी स्वतः लिहिलेलीही सापडतात.

"क्यू म्हणजे आपण लंडनला होतो तिथून लांब?"

लांब कसलं, भुयारी रेल्वे थेट जाते. तो दिवस आम्ही मेणाचे पुतळे बघायच्या रांगेत घालवला होता.