पासपोर्टमधला ‘लेट’

परवा नवा पासपोर्ट आला, पहिलं पान नीट वाचलं तर राष्ट्रपतींच्या नावाने विनंती आहे की या व्यक्तीला ‘विदाउट लेट ऑर हिन्ड्रन्स’, म्हणजे अडथळ्याविना, जाऊ द्या, आणि मी तिथेच अडकले. लेट (let) म्हणजे तर ‘करू देणं’ ना? पण जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एक होऊ देण्याचं आणि दुसरं अडवण्याचं, हे दुसरं उशीरवाल्या ‘लेट’च्या नात्यातलं, आणि घासत घासत दोघांचा उच्चार एकच झाला. शेक्सपिअरच्या नाटकातला हॅम्लेट भुताच्या मागे निघतो, मित्र त्याला धरून ठेवतात तेव्हा तो ओरडतो, जो मला लेट करेल त्याचंच भूत करीन! म्हणजे अडवेल त्याचं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही हा अर्थ सापडतो. एकाच शब्दात परवानगी आणि मनाई किती दिवस नांदणार, अडवणारं मागे पडलं. टेनिसमध्ये सर्व्हिस नेटला घासून गेली की ‘लेट’ म्हणतात ना, तिथे मात्र ते अजून जिवंत आहे, इतकं छान वाटलं मला हे कळल्यावर.