विजेच्या बिलावरचं शून्य

रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाही.

बिलाच्या पाठीमागे निळ्या बॉलपेनने पुतण्याने लिहिलंय: बाबा १/२, काका १/४, काकू ०. बोलता बोलता शून्य दोन-तीनदा गिरवलं, कागद तिथे पातळ झालाय. जेवताना जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनचा नियम सांगत होता. उत्साहात होता पोरगा. नातं, म्हणजे सामायिक जनुकांचा वाटा, गुणिले फायदा, हे तोट्याहून जास्त भरलं तर दुसऱ्यासाठी झिजण्याची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. "काकू, तुझं गणितच बसत नाही गं," म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. मी हसले. भांडी घासताना मात्र हात थांबला.

हॅमिल्टनने हे १९६४मध्ये मांडलं. कामकरी माशी स्वतःची पिल्लं सोडून बहिणींसाठी का राबते, असली कोडी त्याने सुटली. १९७५मध्ये मुंग्यांचा अभ्यासक विल्सनने प्राण्यांच्या सामाजिक वर्तनावरच्या आपल्या जाडजूड ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात माणसालाही त्यात ओढलं. पुढच्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ मार्शल सालिन्सचं उत्तर आलं: पॅसिफिक बेटांवर आपलं कोण, हे रक्ताच्या अपूर्णांकांवरून ठरत नाही, एकत्र राहण्यावरून, दत्तक घेण्यावरून ठरतं. दरवर्षी शिकवते मी हे. नियम गुण पसरण्याबद्दल आहे, कुणाच्या काळजाबद्दल नाही, हेही वर्गात मीच बजावते. मग आज एवढं का लागलं?

त्या पावसाळ्यात पोराला १०४ ताप होता. तीन रात्री मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत होते. झोपेत तो "आई" म्हणाला होता. वहिनी असत्या तर... नको ते.

शून्य. इतकी वर्षं केलं, आणि हिशेबात शून्य. मघाशी ओट्याशी उभी राहून रडलेसुद्धा.

मग कपाटातून वानरांची अभ्यासक सारा हर्डी हिचं पुस्तक काढलं. अबूच्या वानरांमध्ये माद्या एकमेकींची तान्ही पिल्लं मागून घेतात, अंगाखांद्यावर वागवतात. माणसाचं मूल तर एकट्या आईच्या जिवावर वाढूच शकलं नसतं, खूप हात लागले, असं ती म्हणते. बरं वाटलं. घटकाभरच. टोळीतल्या त्या माद्या बहुतेक नात्यातल्याच की. परत अपूर्णांक आलाच.

आणि हॅमिल्टनचा समकालीन संशोधक जॉर्ज प्राइस आठवला. लंडनमध्ये बसून त्याने हॅमिल्टनचं गणित आणखी व्यापक केलं. ते समीकरण १९७०मध्ये छापून आलं. त्यानंतर हा माणूस रस्त्यावरच्या बेघरांना घरी आणू लागला. होतं नव्हतं ते वाटून टाकलं, स्वतःचं राहतं घरही उरलं नाही. जानेवारी १९७५मध्ये त्याने जीव दिला. अंत्यविधीला हॅमिल्टन होता, आणि त्या बेघरांपैकी काही जण. त्यांचं आणि प्राइसचं रक्ताचं नातं किती? माझं नि या पोराचं आहे तेवढंच. हे प्राइसइतकं नेमकं कुणाला ठाऊक होतं?

फार दुःखी माणूस. त्याच्या आयुष्यातून माझ्यासाठी दिलासा काढू नये. पण त्याच्यापाशी आल्यावर बिलावरचा आकडा पुन्हा पाहिला, तेव्हा मघासारखं टोचलं नाही. पोरगा खोटं बोलला नव्हता. शून्यच आहे ते.

आता आत जाऊन आले. पांघरूण गुडघ्यापर्यंतच पुरतंय त्याला, पाय बाहेर.

बिलाची मुदत परवा संपते. फोनवरून भरायला त्यालाच सांगते. कागद मी ठेवून घेणार आहे.